वेंगे रंगाच्या ट्रॉल्या तशाच ठेवून: पुण्यातल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला, जुन्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. रिसेलमध्ये घेतलेला. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. आधीच्या मालकांनी स्वयंपाकघर भक्कम करून ठेवलं होतं. एल आकाराचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं, त्यावर छतापर्यंत लॉफ्टची दारं, आणि या सगळ्याला वेंगे रंगाचं, म्हणजे जवळजवळ काळ्या दिसणाऱ्या तपकिरी रंगाचं, एकच लॅमिनेट. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. ओट्यामागे कॉफी रंगाच्या टाइल्स, मधेच कुठे किटली तर कुठे कपबशी छापलेल्या. फिकट म्हणावी अशी एक फरशीच, हस्तिदंती रंगाची.

मला बोलावलं तेव्हा घरात एकमत नव्हतं. सुनेला तो गडद रंग मनापासून आवडला होता. घर पसंत पडण्यात त्या स्वयंपाकघराचाही वाटा होता. सासूबाईंची तक्रार सरळ होती, "अगं, इथे भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं." दोघींचं जमावं म्हणून सासूबाईंच्या मुलाने एका मॉड्युलर किचनवाल्याकडून कोटेशन आणून ठेवलं होतं: सगळं काढायचं आणि पांढरं अ‍ॅक्रिलिक बसवायचं. आकडा तीन लाखांच्या पुढे.

ते कोटेशन आम्ही बाजूला ठेवलं. का ठेवलं आणि त्याऐवजी काय केलं ते तपशिलात लिहिते आहे, कारण वेंगे, चॉकलेटी किंवा चारकोल रंगाच्या ट्रॉल्यांची घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या अनेकांना हाच प्रश्न पडलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे: अशा स्वयंपाकघरात रंगाला हात लावायच्या आधी उजेड कुठे पडतो ते बघा. बहुतेक ठिकाणी दोष कपाटांचा नसतो, दिव्याच्या जागेचा असतो.

अंधार नेमका कुठे होता

स्वयंपाकघर साधारण दहा बाय आठ फुटांचं. सिंकवर खिडकी आहे, पण ती ड्राय बाल्कनीत उघडते. बाल्कनीला ग्रिल, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात वॉशिंग मशीन. या सगळ्यातून गाळून येणारा उजेड सिंकच्या पुढे फारसा सरकत नाही. शेगडी एलच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीपासून लांब. दिवा एकच, दाराच्या वर भिंतीला लावलेली ट्यूब. म्हणजे शेगडीपुढे उभं राहिलं की ट्यूब पाठीमागे आणि स्वतःची सावली कढईत.

मोबाइलवरच्या लक्समीटरने, म्हणजे उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपने, मोजून पाहिलं. लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. ट्यूब लावलेली असताना खोलीच्या मध्यावर दीडशेच्या आसपास लक्स होते. शेगडीशेजारी, जिथे भाजी चिरली जाते तिथे, माणूस उभा राहिला की पन्नासही नाहीत. अ‍ॅपचे आकडे काटेकोर नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. चिराचिरी, निवडणं-टिपणं अशा कामांसाठी ओट्यावर ३०० ते ५०० लक्स असावेत असं प्रकाशयोजना करणारी मंडळी धरतात. इथे भरपूर उजेड होता तो फरशीच्या मधोमध, जिथे कोणी काही करत नाही.

शिवाय लक्समीटर मोजतो तो पडणारा उजेड. डोळ्याला दिसतो तो परत आलेला. पांढऱ्यातली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत पाठवते. वेंगे लॅमिनेट आणि काळा ग्रॅनाइट दहा टक्केसुद्धा पाठवत नाहीत. या खोलीत खालची दारं, ओटा, टाइल्स, वरची दारं, लॉफ्ट, सगळेच उजेड पिणारे. पांढऱ्या खोलीत एक दिवा भिंतीभिंतींवरून उसळत कोपऱ्यापर्यंत पोचतो. इथे तो पहिल्यांदा जिथे पडला तिथेच संपत होता. म्हणूनच छताला जास्त वॅटचा दिवा लावून अशा स्वयंपाकघरांचं काही होत नाही. विजेचं बिल वाढतं आणि पाठीवर उजेड पडतो.

सासूबाईंच्या बाबतीत वयाचाही भाग होता. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. सून म्हणत होती की तिला नीट दिसतं, ते खरं होतं. सासूबाईंना दिसत नव्हतं, तेही खरं होतं. हा आवडीनिवडीचा वाद नव्हता.

त्या काम करत असताना मी नुसती बघत उभी राहिले. फोडणीला मोहरी घेताना चार दाणे ओट्यावर सांडले. काळ्या ग्रॅनाइटवर काळी मोहरी. त्यांनी ती तळहाताने चाचपून गोळा केली. मेथी, कोथिंबीर, तांदूळ, जे जे निवडायचं ते ताटात घेऊन त्या हॉलच्या बाल्कनीपाशी जायच्या. खालची एक ट्रॉली अर्धी उघडी राहिली होती. तिची कड आणि आतला अंधार एकाच रंगाचे, त्यामुळे नडगीला लागेपर्यंत ती त्यांना कळली नाही.

"आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत," सून म्हणाली.

"त्यात काय बोलायचं? लागतं कधीकधी."

खरा प्रश्न मला तिथे सापडला. त्यांना पांढरं स्वयंपाकघर नको होतं, हाताखालचं दिसायला हवं होतं.

याहून काळी स्वयंपाकघरं

गडद स्वयंपाकघर ही काही मॉड्युलरवाल्यांनी आणलेली गोष्ट नाही. कोकणातलं चुलीचं स्वयंपाकघर आठवा. धुराने काळ्या झालेल्या भिंती, काळे वासे, शेणाने सारवलेली जमीन. वेंगे त्यापुढे फिकटच. पण कौलांमध्ये एखादं काचेचं कौल असायचं, आणि ते बसवताना विचार केलेला असायचा. त्यातून येणारा कवडसा नेमका कामाच्या जागेवर उतरायचा. बाकीची खोली काळोखी असली तरी कोणाचं अडत नसे. पुढे शहरात कडप्प्याचे ओटे आले, तेही काळेच. त्यांच्यामागे पांढऱ्या चौकोनी टाइल्स लागल्या आणि ओट्यासमोर खिडकी ठेवायची पद्धत पडली.

लांबचंही एक उदाहरण मला फार आवडतं. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तेच मानतात. त्याची कपाटं निळी होती, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानलं जाई. आणि छताचा दिवा रुळावरून सरकवून हवा तिथे नेता येत असे. कपाटांची ती मांडणी सगळ्या जगाने उचलली. दिवा सरकवायची सोय मात्र मागेच राहिली, आणि आपल्या फ्लॅटमध्ये बिल्डर जिथे पॉइंट देईल तिथे ट्यूब लागते.

काय ठेवायचं

दारं काढून आतला सांगाडा तपासला. प्लायवूडचा होता. कडेपट्ट्या जागच्या जागी, स्क्रूची पकड घट्ट, कुठे फुगवटा नाही. अपवाद सिंकखालच्या कपाटाचा. तिथे तळाची फळी पाण्याने फुगून पापुद्रे सुटले होते. ट्रॉल्यांचे काही चॅनल रखडत होते. एवढंच. इतका चांगला सांगाडा तोडून भंगारात द्यायला माझं मन घेत नाही, आणि खर्चाच्या दृष्टीनेही त्यात शहाणपण नाही. सिंकखालचा भाग बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या दर्जाच्या, आयएस ७१० चा शिक्का असलेल्या प्लायमध्ये नवा करून घेतला. त्याला जुन्याशी मिळतंजुळतं लॅमिनेट शोधलं. तंतोतंत जुळत नाहीच, कारण दहा वर्षांत जुन्याचा रंगही थोडा उतरलेला असतो. पण सिंकखालचं दार सावलीत असतं, फरक डोळ्यांवर येत नाही.

वेंगे हे खरं तर मध्य आफ्रिकेतल्या झाडाचं लाकूड. काँगो, कॅमेरून, गॅबॉनच्या जंगलांतलं, आणि आता धोक्यात आलेल्या प्रजातींत मोजलं जाणारं. आपल्या ट्रॉल्यांवर असतो तो त्या रेषांचा छापील कागद. त्याचा रंग जितका गडद तितक्या त्या रेषा अंधारात हरवतात. चांगल्या उजेडात तोच पृष्ठभाग तपकिरी दिसतो, काळा नाही. सुनेला जे आवडलं होतं ते तेच, आणि आधी दिसत नव्हतं तेही तेच.

ग्रॅनाइटही ठेवला. ट्रॉल्यांवर बसलेला लांब दगड उचलताना सिंकच्या कापापाशी तडकण्याची भीती असते, आणि नवा फिकट दगड घातला तर हळदीचे डाग सांभाळत बसावं लागतं. काळा ग्रॅनाइट आपल्या स्वयंपाकाला चांगला आहे, हे माझं ठाम मत आहे.

दारांवर चिकटवायची व्हिनाइल शीट लावू या का, असं सासूबाईंच्या मुलाने विचारलं. शेगडीजवळ नको. वाफेने आणि उष्णतेने तिच्या कडा सुटतात, आणि एकदा कड सुटली की तिथे तेल आणि धूळ साचते. लॅमिनेटवर रंग देता येतो, पण घासणं, प्रायमर, वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असं सगळं नीट करूनही रोज उघडमिट होणाऱ्या ट्रॉल्यांच्या कडांचे टवके निघतात. त्यापेक्षा जिथे रंग बदलायचाच आहे तिथे नवी दारं करावीत.

दिवे

या कामाचा सगळ्यात जास्त वेळ दिव्यांत गेला आणि तो तसाच जायला हवा.

ओटा दोन फूट खोल. वरची कपाटं साधारण एक फूट. त्यावरचा लॉफ्ट मात्र आरसीसीचा, सात फुटांवर, ओट्याइतकाच दोन फूट खोल. म्हणजे छताला कुठेही दिवा लावला तरी लॉफ्ट आड येणार आणि ओट्यावर सावली पडणार. पण या रचनेतच एक सोय लपलेली होती. वरच्या कपाटांच्या पुढे लॉफ्टचा जो फूटभर तळ मोकळा राहतो, तो बरोबर ओट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर येतो. काचेच्या कौलाची जागा तीच. तिथे लॉफ्टच्या तळाला, ओट्याला समांतर, एलईडीच्या पट्ट्या बसवल्या. दिवा आता उभ्या माणसाच्या डोक्यापुढे आला आणि सावली पाठीमागे गेली.

दुसऱ्या पट्ट्या वरच्या कपाटांच्या तळाला. या कुठे लावायच्या यावर इलेक्ट्रिशियनशी बराच खल झाला. त्याचा आग्रह भिंतीलगत लावायचा होता, वायर लपवायला सोपं जातं म्हणून. पण तिथून टाइल्स छान उजळतात आणि चिरायची फळी जिथे असते तिथे उजेड कमी पडतो. कपाटाच्या पुढच्या कडेला, ४५ अंशांच्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, तोंड भिंतीकडे करून लावल्या की फळीवरही उजेड येतो आणि टाइल्सवरूनही परततो.

पट्टी निवडताना ग्रॅनाइट आडवा आला. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट आरशासारखा असतो. साधी पट्टी कपाटाखाली धरून पाहिली तर ओट्यात दिव्यांची अख्खी माळ दिसायला लागली, एकेक ठिपका डोळ्यांत टोचणारा. फिकट ओट्यावर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे सीओबी प्रकारची पट्टी घ्यावी लागली, जिच्यात ठिपके सुटे दिसत नाहीत, आणि त्यावर दुधी झाकण. शिवाय कपाटाच्या पुढच्या कडेला पाऊण इंचाची एक आडोशाची पट्टी खाली सोडली, म्हणजे डायनिंग टेबलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट दिवा येत नाही. काळा ओटा असेल तर हे प्रतिबिंब नमुना लावून आधी बघायलाच हवं. फिटिंग झाल्यावर कळलं तर सगळं पुन्हा उचकटावं लागतं.

मग दिव्याचा रंग. तो केल्विनमध्ये सांगतात: आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर पांढरा. तीन नमुने आणले: ३०००, ४००० आणि ६५०० केल्विन. तीन पांढऱ्या बशांमध्ये हळद, लाल तिखट आणि न निवडलेले तांदूळ ठेवून एकेका दिव्याखाली धरले. ६५०० मध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात, वेंगे राखाडी आणि निस्तेज दिसलं आणि तिखटाचा लाल रंग विझल्यासारखा. ३००० खाली वेंगे सुरेख, लालसर; सून तिथेच अडली. पण त्या पिवळ्या उजेडात तांदूळही पिवळे झाले आणि त्यातला पिवळसर खडा दिसेना. सासूबाईंनी तीच बशी ४००० खाली सरकवली आणि खडा उचलून बाजूला ठेवला. निर्णय झाला. रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वर असलेली पट्टी घेतली. दुकानात हा आकडा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारायचा. पालेभाजीचं पिवळं पडलेलं पान ऐंशीच्या दिव्याखाली सहज निसटतं.

दारावरची जुनी ट्यूब काढून तिथे ४००० चीच एलईडी बॅटन लावली, खोलीतल्या वावरापुरती. तिन्हींचे स्विच वेगळे. पट्ट्यांना वीज पुरवणारे डबे, म्हणजे ड्रायव्हर, लॉफ्टमध्ये, हात पोचेल असे आणि चिमणीच्या उष्णतेपासून लांब. ड्रायव्हर पाच-सात वर्षांत बदलावा लागू शकतो. तो कपाटामागे चिणून टाकला तर त्या दिवशी सुतारही बोलवावा लागतो.

सगळं लागल्यावर चिरायच्या जागी ४०० च्या वर लक्स आले. तरी ओटा काळाच दिसतो, आणि ते साहजिक आहे. पडलेल्या उजेडातला थोडाच तो परत देतो. पण काम ओट्यावर होत नाही, फळीवर आणि ताटात होतं. म्हणून ओट्यावर कायमची एक फिकट लाकडाची मोठी फळी ठेवली आणि मसाल्याच्या डब्याखाली एक पांढरा ट्रे. मोहरी सांडली तर त्या ट्रेमध्ये सांडते.

वरचा अर्धा भाग

नजरेच्या उंचीला जो रंग असतो तोच खोलीचा रंग वाटतो. म्हणून खालच्या ट्रॉल्या वेंगे राहिल्या आणि वरच्या कपाटांना नवी दारं केली, ताकाच्या रंगाच्या मॅट लॅमिनेटची. लॉफ्टची दारंही त्याच रंगात, हँडलशिवाय, दाबून उघडणारी. पूर्वी छतापासून जमिनीपर्यंत गडद भिंत उभी होती. आता गडद रंग कमरेखाली थांबला आणि खोलीची उंची मोकळी झाली. गडद रंग खाली असावा, याला मला सौंदर्यापलीकडचंही कारण दिसतं: लाथा, पाणी, मुलांचे हात आणि फरशी पुसतानाचे शिंतोडे खालीच लागतात, आणि ते वेंगेवर खपतात.

सुनेला वरची कपाटं पूर्ण काढून उघड्या फळ्या हव्या होत्या. फोटोंमध्ये त्या छान दिसतात. पण आपल्याकडे रोज फोडणी होते, आणि तेलाचा तो सूक्ष्म थर उघड्या फळीवरच्या प्रत्येक वस्तूवर बसतो. त्यावर पुण्याची धूळ. शिवाय पापड-कुरडयांचे डबे, साठवणीची कडधान्यं, लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवायच्या? शेवटी एकच उघडी फळी केली, खिडकीशेजारी, शेगडीपासून सगळ्यात लांब. तिच्या पाठीला वरच्या कपाटांचं काढलेलं एक जुनं वेंगे दार कापून लावलं. फळीवर सासूबाईंच्या माहेरची पितळी कळशी, दोन पितळी डबे आणि एक तांब्याचा लोटा. या वस्तू आधी पेटाऱ्यात होत्या. पांढऱ्या भिंतीपुढे पितळ फिकं पडतं. गडद पाठीवर ते आपोआप पुढे येतं. चार वस्तू पुरतात, आणि चारच आठवड्यातून एकदा चिंचेने घासून होतात.

टाइल्स फोडल्या नाहीत. जुन्या टाइल्स ठोकून पाहिल्या, पोकळ वाजली ती एखाद-दुसरीच. ती काढून भरली आणि बाकीवर टाइल अ‍ॅडेसिव्हने नव्या बसवल्या. चार बाय बारा इंचाच्या, मोतिया पांढऱ्या, किंचित चमक असलेल्या. इथे चमक मुद्दाम हवी होती, कपाटाखालच्या दिव्यांचा उजेड पुढे फेकायला. टाइलवर टाइल घेतली की भिंत जवळपास अर्धा इंच पुढे येते, त्यामुळे स्विचबोर्ड आत बुडतात आणि चिमणीच्या ब्रॅकेटची मापं बदलतात. फरशीवाला आणि इलेक्ट्रिशियन एकाच दिवशी जागेवर असतील असं बघावं लागतं. सांधे इपॉक्सीने भरले, फिक्या राखाडी रंगाने. पांढरा सिमेंटचा सांधा शेगडीमागे हळदीने पिवळा होतोच.

भिंतीच्या पांढऱ्यावर घाई करू नये. निळसर झाक असलेला शुभ्र पांढरा आणि पिवळसर झाक असलेला, असे दोन हातभर पट्टे ट्रॉल्यांना लागून मारून घेतले आणि दिवे लावून पाहिले. शुभ्र पट्ट्याशेजारी वेंगे एकदम काळं आणि कठोर दिसत होतं. पिवळसरशेजारी त्यातला तपकिरी रंग वर आला. गडद कपाटांना टोकाचा पांढरा सहसा मानवत नाही.

हँडल हा छोटा विषय, पण त्यात पैसे वाया जातात. जुन्या हँडलांची भोकं ९६ मिलिमीटर अंतरावर होती. आवडलेली हँडल १२८ ची. ती घेतली असती तर प्रत्येक ट्रॉलीवर जुनी भोकं बुजवावी लागली असती, आणि वेंगेवर बुजवलेलं भोक लपत नाही. म्हणून ९६ च्याच मापात, मंद पितळी रंगाची, जरा जाड हँडल घेतली. सासूबाईंच्या सांध्यांना पकडायला बरी पडतात, आणि गडद दारावर त्यांची ओळ लांबून दिसते. उघड्या ट्रॉलीचा प्रश्नही असाच सुटला: ट्रॉल्यांच्या आतल्या बाजूच्या वरच्या कडांना फिकट रंगाची कडेपट्टी लावून घेतली. ट्रॉली दोन इंच उघडी असली तरी एक पांढरी रेघ दिसते. नडगी वाचते.

हँडलशिवायच्या ट्रॉल्या, ज्यांत दाराच्या वर धातूची खाच असते, त्या मी इथे सुचवल्याच नाहीत. घरात रोज पोळ्या होतात. पीठ त्या खाचेत उतरतं, त्यावर ओला हात लागतो, आणि महिन्याभरात तिथे पांढरी कणीक वाळून बसते. फिकट रंगात ती लपते. वेंगेत प्रत्येक दारावर पांढरी मिशी.

रोजची निगा

गडद दारं घाण दाखवत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. तेलाचा डाग, चहाचा ओघळ लपतो. पीठ, मिठाच्या पाण्याचा शिंतोडा, बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा डाग हे मात्र पांढऱ्या दारापेक्षा कितीतरी उठून दिसतात. या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअर दोन्हीचं पाणी येतं, जड पाणी. ते ओल्या फडक्याने पुसून तसंच वाळू दिलं की क्षार मागे राहतात आणि दार धुरकट दिसतं. उपाय साधा आहे: भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं, आणि लगेच मागून कोरडं फडकं. दुसरं फडकं विसरलं की पहिल्याचा उपयोग नाही. कामाला येणाऱ्या मावशींना हे सुनेने एकदा करून दाखवलं, तेव्हापासून दारं स्वच्छ राहिली.

घासणी आणि पावडर वेंगेवर नको; मॅट लॅमिनेटवर त्यांनी चमकदार चट्टे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. क्षारांसाठी काही जण व्हिनेगर सुचवतात. नळावर, स्टीलच्या सिंकवर थोडं चालेल. पण ओट्याखाली किंवा खिडकीच्या कट्ट्याला कडप्पा असेल तर तिथे थेंबही नको, कारण कडप्पा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने त्याची चमक कायमची जाते. या घरात खिडकीचा कट्टा कडप्प्याचाच आहे.

पिठाचा डबा आणि परात आता एकाच ट्रॉलीत, पोळ्या लाटायच्या जागेच्या अगदी खाली. डबा घेऊन स्वयंपाकघर ओलांडावं लागत नाही, त्यामुळे पीठ एक-दोन दारांवरच उडतं. पुसायला तेवढंच.

सध्या

खर्च त्या पांढऱ्या कोटेशनच्या निम्म्याच्याही आत बसला. त्यातला मोठा वाटा नव्या दारांचा आणि टाइल्सचा. दिव्यांचा सगळा खर्च, मजुरी धरून, त्यापेक्षा बराच कमी. पैसे अगदीच बेताचे असते तर मी फक्त दिवे आणि भिंतीचा रंग केला असता आणि बाकीचं पुढच्या दिवाळीवर टाकलं असतं.

सासूबाई मेथी आता स्वयंपाकघरातच निवडतात, शेगडीशेजारी उंच स्टुलावर बसून. सुनेचं वेंगे राहिलं. तिला आता खालच्या ट्रॉल्यांच्या पायथ्यालाही पट्टी लावायची आहे, रात्री पाणी प्यायला उठल्यावर दिसावं म्हणून. त्याला माझी हरकत नाही, फक्त तिथे २७०० ची मंद पट्टी घ्यावी आणि फरशी पुसताना पाणी लागणार म्हणून वॉटरप्रूफ प्रकारातली. फ्रिजचा कोपरा अजून अंधारा आहे. त्याचं मूळ ड्राय बाल्कनीत आहे: कपड्यांची दोरी ग्रिलवरून काढून छताला ओढून घ्यायचा स्टँड लावला तर खिडकी मोकळी होईल आणि दिवसा त्या कोपऱ्यात दिवा लावावा लागणार नाही. सोसायटीचं रंगकाम संपलं की तो स्टँड बसवायचं ठरलं आहे.